वरच्या दोन बादल्या

अमरावतीहून रोज अकोल्याला येऊन मी एका लहानशा कागद कारखान्याची प्रयोगशाळा सांभाळते. प्रयोगशाळा म्हणजे एक टेबल आणि माझा तापट स्वभाव. पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, शिजवून केलेला आमचा लगदा तांबूस निघतो, तो ब्लीच घालून पांढरा करावा लागतो. ब्लीचच्या हौदावर उभ्या राहणाऱ्या काकांचा खोकला मला टेबलापर्यंत ऐकू यायचा. म्हणून मी मालकांच्या मागे लागले. आधी लगद्यात एन्झाइम घालू, रंग धरून ठेवणारा थर त्याने सैल होतो, मग ब्लीच निम्मं पुरेल. महिनाभर डोकं खाल्ल्यावर ते म्हणाले, एकदाच करा. कागद रोजच्याइतका पांढरा नाही आला तर हा विषय पुन्हा काढायचा नाही.

चाचणीच्या दिवशी काकांना मी दहा वेळा बजावलं की मोजून दिलंय तेवढंच ब्लीच घाला. पण मूठभर लगदा पिळून उजेडात धरायचा, हेच त्यांचं आयुष्यभराचं मोजमाप. दुपारी कागद निघाला तो पांढराशुभ्र. मालकांनी पेढे मागवले आणि मी हरखून जाऊन अहवालावर सही ठोकली.

चार दिवसांनी काका टेबलापाशी आले.

"मॅडम, लगदा पिवळाच दिसून राहिला होता. तुमचं तोंड पायलं अन् मले राहवलं नाई. दोन बादल्या वरून टाकून देल्या."

मी त्यांच्यावर इतकी चिडले की मागून माझी मलाच लाज वाटली. पिवळा दिसणारच होता, ब्लीचचं काम पुरं व्हायला अजून तासभर जायचा होता. पण खरं सांगितलं तर त्यांची नोकरी जाणार आणि एन्झाइमही कायमचं जाणार. मी तोंड मिटून घेतलं.

आता एन्झाइम रोज पडतं, कागदोपत्री ब्लीच निम्मं आहे, आणि मालकांना त्या दिवशीसारखाच कागद लागतो. त्यामुळे वरच्या बादल्याही रोज पडतात, मालकांची पाठ वळली की घाईघाईत, हौदावर अगदी वाकून. काकांचा खोकला वाढलाय. एक दिवस बादल्या न टाकता पाहावं, असं मनात येतं. पण कागद पिवळट निघाला तर आम्ही दोघंही पकडले जाऊ.

परवा काकांनीच विचारलं, "मॅडम, तवा मी बादल्या नसत्या टाकल्या, तर झाला असता का पांढरा?"

झाला असता, असं मी म्हणाले. खरं तर मला माहीत नाही, आणि आता ते तपासून पाहायची माझी छाती होत नाही.