नलूवहिनींचा पत्ता

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. मुलाशी नाही, भावाशी नाही. आणि जिला सांगायलाच हवं होतं, ती आता राहिली नाही. तुम्हाला का सांगतोय? तेही नीटसं कळत नाही. बसा जरा.

गोष्ट तशी फुटकळ आहे — दिवाळीच्या कार्डांवर चिकटवायच्या पत्त्यांची. सुमन, माझी बायको, कोलकात्यात इतकी वर्षं काढूनही दिवाळीला सगळ्यांना पोस्टाने कार्डं पाठवायची. फोनवर आलेला दिवा बोटाने ढकलला की गेला, त्यात कसली आलीय दिवाळी, असं तिचं म्हणणं. मजकूर तिचा, पत्ते माझे. एस्प्लनेडच्या ऑफिसात जन्मभर हिशेब केलेला माणूस मी. कॉम्प्युटरवर यादी ठेवणं म्हणजे डाव्या हातचा मळ. लेबलांचा चिकट कागद प्रिंटरमध्ये सरकवायचा, की सगळे नातेवाईक ओळीने बाहेर. कागद हमखास अडकायचा. मग मी प्रिंटरवर ओरडायचो आणि सुमन मला हसायची. एखाद्याला कार्ड पाठवायचं नसेल तर नावापुढे ‘नाही’ टाकायचं. लेबल निघत नसे.

नलूवहिनी ही सुमनची इथली खरी मैत्रीण. त्यांचे यजमान वसंतराव रेल्वेत, क्वार्टर गार्डन रीचला. दोघी फोनवर बोलायला लागल्या की कुकरच्या शिट्ट्यांचा हिशेब चुकायचा. मग वसंतराव अचानक गेले. त्या घरी वर्षभर सण नाही, म्हणून मी वहिनींच्या नावापुढे ‘नाही’ टाकलं. त्यात माझं काही चुकलं नाही. त्या दिवाळीला सुमन स्वतः जाऊन फराळाचा डबा देऊन आली.

चुकलं ते पुढे. चुकलं म्हणतोय — पण चूक नकळत होते ना?

वसंतरावांच्या पेन्शनचे कागद, बँकेतलं नाव, गॅसचं नाव, मुलीचे दाखले — सगळीकडे वहिनींबरोबर मी. त्यांना बंगाली जेमतेम समजायचं, इंग्रजी अर्ज पाहिला की घाम फुटायचा. “भाऊजी, तुम्हाला फार त्रास देते,” असं प्रत्येक वेळी म्हणायच्या. आणि त्रास व्हायचाच! सुमनला वाटायचं, नवरा केवढा परोपकारी. मी मात्र कंटाळलो होतो. संध्याकाळी फोन वाजला की कपाळाला आठी. दुसरं काही कारण नव्हतं हो — एवढंच.

पुढे सुमन सुनेच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेली. तेवढ्यात वहिनींना क्वार्टर सोडावं लागलं. इथेच, कोलकात्याच्या बेहाला भागात दोन खोल्या घेतल्या, फोन नंबरही बदलला. पत्ता आणि नंबर त्यांनी माझ्याकडे दिला. “सुमन आली की दोघं या,” म्हणाल्या.

सुमन आली. मी सांगितलं, नलूवहिनी भावाकडे नाशिकला गेल्या, घाईघाईत; पत्ता काही दिला नाही.

आधी ठरवलं होतं का? नाही. तोंडातून निघून गेलं. पण निघून गेलेलं परत घेता आलं असतं की नाही? उलट त्यावर दुसरं रचलं. वहिनींचा माझ्याकडे फोन आला तेव्हा मी म्हणालो, “सुमनला हल्ली बरं नसतं. माणसं नकोशी होतात तिला. मी कळवेन तेव्हा या.” वहिनी मानी. पुन्हा फोन आला नाही. आणि मला काय वाटलं सांगू? हायसं वाटलं.

त्यानंतर प्रत्येक दिवाळीला सुमन एक कार्ड नलूसाठी लिहून बाजूला ठेवायची — पत्ता मिळाला तर असावं म्हणून. आधी काळजी करायची, मग रागवायला लागली. “एवढं कसं हो तोडतं माणूस?” मी लेबलं काढत असायचो. बेहालाचा पत्ता पिनकोडसकट त्याच यादीत होता, पुढे ‘नाही’. हिशेबनिसाची खोड — काही पुसायचं नाही. आमच्या घरापासून बेहाला एका बसच्या अंतरावर होतं.

गेल्या वर्षी सुमन अंथरुणाला खिळली. एक दिवस म्हणाली, “नाशिकला कुणाकडे तरी चौकशी करा ना. एकदा बोलायचंय नलूशी. मी फार रागावलेय तिच्यावर, ते तसंच राहायला नको.”

“करतो,” मी म्हणालो.

तेव्हा तरी सांगायचं? फोन लावून हातात द्यायचा, वहिनी तासाभरात आल्या असत्या. पण मग सुमनने माझ्याकडे पाहिलं असतं. त्या नजरेला मी भ्यालो. आता थोडेच दिवस राहिलेत, तेवढे तिच्या मनातून न उतरता काढू — इतका हिशेबी विचार मी तिच्या उशाशी बसून केला. ती विचारत राहिली, मी “चौकशी चालू आहे” म्हणत राहिलो. मग तिने विचारणं सोडलं. मग ती गेली.

तेरावं झाल्यावर नलूवहिनी आल्या. मुलीच्या फोनवर कुणाचा तरी निरोप आला होता. केस पार पांढरे. सुमनच्या फोटोसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. मी मागेच होतो.

“तिला मी नकोशी झाले होते, ठाऊक होतं मला,” माझ्याकडे न बघता म्हणाल्या. “का, तेवढं विचारायचं राहून गेलं, भाऊजी.” मग फोटोला हात जोडले. “सुमन, माझं काय चुकलं असेल ते पोटात घाल गं बाई.”

घरात आम्ही दोघंच होतो. मी म्हणालो, “बसा वहिनी, चहा ठेवतो.”

आणि आत जाऊन चहा ठेवला.