किल्ल्यात अडकलेला तांडेल

कोर्लईत कुणालाही विचारा, धर्माजी तांडेल कोण? हसतच सांगतील, "तो नव्हे का, किल्ल्यात अडकलेला!" आठ वर्षं ऐकतेय मी. तेच आमचे हे. अख्खी नाव यांच्या शब्दावर चालते. तुम्ही तिथी सांगा, पाणी कधी चढणार नि कधी उतरणार ते हे बोटांवर मोजून सांगतील. अशा माणसाला गाव हसतं, आणि हे आपले खाली मान घालून जाळं शिवत बसतात! माझा नुसता जीव जळतो.

आठ वर्षांमागच्या त्या माघात माझी आई अलिबागशेजारच्या वरसोलीला अंथरुणाला खिळली. निरोप आला, रंगूला एकदा डोळे भरून बघायचंय. पण लग्नातल्या मानाच्या लुगड्यावरून सासूचं माझ्या माहेराशी वाकडं. चार वर्षं मला माहेर बंद. म्हातारी म्हणाली, "न्हाय म्हंजे न्हाय." मग यांना अलिबागच्या किल्ल्यातल्या गणपतीला बोललेला नारळ आठवला. देवाला म्हातारी नाही म्हणते कशी? "जावा दोघं. पन दिवेलागनीला घरात. वरसोलीची वाट धरायची न्हाय!"

पहाटे साळावच्या तरीतून रेवदंड्याला उतरलो आणि पुढं सर्व्हिस मोटार. जन्मात पहिल्यांदा मोटारीत बसले, पण लक्ष कुणाचं लागतंय? हे मात्र हौशी शेटासारखे खिडकीला चिकटलेले. "ती बघ तटबंदी. ही बघ चौलची वाडी."

"आयकडं जाऊया ना?"

"बघू."

अलिबागला उतरलो तर हे लोहचुंबकाच्या वेधशाळेच्या कुंपणाशी उभे. "आत लोखंडाचा खिळासुदीक नेऊ देत न्हाईत म्हनं." अगो बाई! वरसोली हाकेच्या अंतरावर, आणि हा माणूस मला कुंपणं दाखवतोय!

षष्ठी होती. दहाच्या सुमाराला पाणी उतरलं, तेव्हा घोटाभर पाण्यातून किल्ल्यात गेलो. नारळ फोडला. झालं ना? नाही. हे पुजाऱ्याशी गप्पा मारत बसले. मी एकदा पाण्याकडं बघतेय, एकदा वरसोलीच्या माडांकडं. पायाला चैन नाही. पाणी चढायला लागलं तरी हे खोबरं चघळतायत. शेवटी मला रडूच फुटलं. "माझी आय तिकडं मरतेय आन् तुमी खोबरं खाताय!"

पुजारी देवळात गेला, तसे हे उठले. गुडघाभर पाण्यातून काठाला आलो. मी मोटारीच्या दिशेला वळले, हे उत्तरेला.

"अवो, मोटार हिकडं!"

"म्हाईत हाय. चल वरसोलीला. आज रातच्याला आयजवळ ऱ्हा."

"आन् घरी काय सांगायचं?"

"भरती चुकली, रातच्या ओहोटीपर्यंत किल्ल्यात अडकलो, मोटार गेली. पानी चढताना आपन आत व्हतो, पुजाऱ्यानं बघितलंय."

"तुमी? तांडेल असून? लोक तोंडात शेन घालतील!"

"घालू दे."

आईला पेज भरवली, केसांना तेल लावलं. तिनं विचारलं, "सासूनं धाडलं व्हय?" मी म्हटलं, "व्हय." केवढा आनंद झाला तिला! रात्रभर माझा हात धरून झोपली. आठव्या दिवशी ती गेली.

घरी म्हातारीनं आकाशपाताळ एक केलं. "भरती चुकली, आय," एवढंच हे म्हणाले. सगळा कोळीवाडा खो खो हसला. नवख्या पाहुण्यांची होते तशी फजिती तांडेलाची झाली! शिमग्याला तर यांचं सोंग काढलं, डोक्यावर नारळ घेऊन किल्ल्यात रडणारा तांडेल. मी भांडायला उठले, तर यांनी मनगट धरलं. "आय हाय तवर तोंड उघडायचं न्हाय. शपत हाय माजी."

परवा सासूचं तेरावं झालं. मी पदर खोचला आणि म्हटलं, "आता विहिरीवर जाऊन एकेकीला सांगते, ह्यांची भरती कंदीच चुकली न्हवती."

हे जाळं शिवत होते. मान वर न करता म्हणाले, "सांग. पन किल्ल्यात तुला रडवलं, तेवडं सांगू नको. त्याची लाज वाटते मला."

विहिरीवर मी तेच आधी सांगितलं.