बांधावरचे अकरा कॅमेरे
आमच्या नेऱ्याच्या घरमालकांइतका कॅमेऱ्यांचा खोल अभ्यास केलेला आणि एकही कॅमेरा न घेतलेला माणूस अख्ख्या मुळशी तालुक्यात दुसरा नसेल. मी नांदेडहून हिंजवडीत नोकरीला आलो आणि त्यांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहिलो, त्यांना मामा आणि त्यांच्या बायकोला मामी म्हणू लागलो. मी कॉम्प्युटरवर काम करतो म्हणजे विजेवर चालणाऱ्या यच्चयावत वस्तूंतलं मला कळतं, अशी मामांची ठाम समजूत होती. पावसाळ्याच्या तोंडावर ते वर आले आणि म्हणाले, "सायेब, खिशात मावंल आसा बारका डिजिटल क्यामेरा घ्यायचाय. रोजच्या वापराला. पर लई भारी पायजे." कारण विचारलं तर त्यांनी खिडकीतून खाली बोट दाखवलं. घरामागच्या भातखाचराचा सौदा झाला होता. दिवाळीनंतर ते बिल्डरच्या ताब्यात जाणार होतं. "तवर रोज एक फोटू काढीन म्हंतो."

इतकं सरळ काम. पण मामा दुकानात शिरले की त्याचा विचका व्हायचा. कॅमेरा हातात आला की ते आधी बॅटरीचं झाकण उघडून बैलाचे दात बघावेत तसं आत बघत. दुकानदार मेगापिक्सेल सांगे, झूम सांगे, मामा गंभीरपणे मान डोलवत आणि शेवटी म्हणत, "ठीक हाय, चार दिस रानात नेतो, मग बघू." दुकानदार चिडला तर त्यांना नवल वाटे. "आवो, बैल तरी औताला जुंपून बघितल्याबिगर कोन घेतं व्हय?"

शेवटी मीच ऑफिसातल्या एकेकाचा कॅमेरा रविवारपुरता मागून आणू लागलो. परीक्षा ठरलेली असायची. मामा खाचराच्या त्याच कोपऱ्यात उभे राहत, समोरच्या बांधावर मामींना उभं करत आणि फोटो काढत. मग पळत्या कोंबडीचा. "बटन दाबलं तवा कोंबडी व्हती, फोटूत न्हाई," म्हणून एक महागडा कॅमेरा नापास झाला. दुसऱ्यात भात भलताच हिरवा दिसला, तिसरा खिशात तंबाखूच्या चंचीशेजारी मावेना. इंटरनेटवर वाचून वाचून माझंही डोकं इतकं गरगरलं की सातवा कॅमेरा मी भलत्याच माणसाला परत केला. मामी मात्र दर वेळी पदर सारखा करून उभ्या राहायच्या आणि विचारायच्या, "ह्यो तरी शेवटचा का?"

अकरा कॅमेरे झाले, कापणी उरकली, निवड काही होईना. दिवाळीनंतर खाचराला तारेचं कुंपण पडलं, तेव्हा मामा माझ्या खिडकीशी येऊन उभे राहिले. "एक बी फोटू न्हाई घेता आला बघा." परीक्षेचे फोटो त्यांच्या लेखी फोटोच नव्हते, जुंपून बघितलेल्या बैलाचं काम कोणी हिशेबात धरतं का? मला फार वाईट वाटलं, कारण या घोळात निम्मा वाटा माझा होता. पण तुलनेसाठी म्हणून ते सगळे फोटो मी कॉम्प्युटरवर उतरवून ठेवले होते. एकामागून एक लावत गेलो. चिखल, लावणी, गुडघ्याएवढं पीक, पिवळ्या लोंब्या, शेवटी नुसती धसकटं. प्रत्येकात तोच बांध आणि त्यावर मामी.

मामांनी जिन्यातून हाक मारून मामींना वर बोलावलं आणि पुन्हा पहिल्यापासून दाखवायला लावलं. सवयीने मी विचारलं, "मामा, यातला कुठला कॅमेरा चांगला वाटतो?"

त्यांनी टोपीने डोळे पुसले. "वळखू येत न्हाई, सायेब. समद्यात आमचंच रान दिसतंया."