सातशे पिशव्यांची साक्ष

माझी धाकटी बहीण हेमलता हिच्याबरोबर बेंगळुरातल्या आमच्या येलहंक्याच्या बाजारात जायचं म्हणजे डोक्याला ताप. कोथिंबिरीच्या एका जुडीला पाऊण तास लागतो. कुणी म्हणतं, अक्का, आमच्या गल्लीतला दिवा बघा. कुणी म्हणतं, अक्का, बस स्टॉपसमोर खड्डा पडलाय, बातमी करा. आणि ही बाई तिथेच पिशवी माझ्या हातात देऊन खड्डा बघायला जाते. मी मल्लेश्वरमच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं, शेकडो पोरं हाताखालून गेली, पण मला कुणी विचारत नाही. मी फक्त ‘हेमलता अक्कांची अक्का’.

आमचं घराणं शहाजीराजांबरोबर बेंगळुरात आलं असं आजोबा सांगायचे. खरंखोटं देव जाणे. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड, हे मात्र पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. हेमाने लग्न केलं नाही. बावीस वर्षं एका कन्नड दैनिकात मुद्रितं तपासली. तिथे तिचं एकच भांडण असायचं, चूक पहिल्या पानावर झाली असेल तर दुरुस्तीही पहिल्या पानावरच छापा. संपादक हसायचे आणि दुरुस्ती सातव्या पानावर, हवामानाच्या खाली टाकायचे. मग ते दैनिकच बंद पडलं. हिला एक पुष्पगुच्छ मिळाला.

दुसरी एखादी असती तर पापड लाटत बसली असती. हिने पन्नाशीत फोनचा स्टँड आणला आणि आमच्या हॉलमधल्या खिडकीपाशी उभी राहून रोज सकाळी सात वाजता बोलायला लागली. ‘येलहंका इवत्तु’, म्हणजे आजचं येलहंका. सहा मिनिटं, कन्नडमध्ये, पाणी कधी येणार, वीज कधी जाणार, कुठला रस्ता खणलाय. मी म्हटलं, हेमा, कोण बघणार हे? तीन वर्षांत एकोणीस हजार लोक बघायला लागले. वॉर्डाचा इंजिनिअर, जो पूर्वी फोन उचलत नव्हता, तो स्वतःहून फोन करून ‘मॅडम, आज गटार साफ केलं, फोटो पाठवू का’ म्हणायला लागला.

आणि इथेच माझ्या बहिणीच्या डोक्यात थोडी हवा गेली. मी सख्खी बहीण आहे, खोटं कशाला बोलू?

गेल्या मार्चमध्ये आमच्या भागात पाणी फार कमी यायला लागलं. लोक चिडलेले. एका सकाळी, सातला दहा मिनिटं कमी असताना, कुणीतरी हेमाला एक फोटो पाठवला. रस्त्याकडेला पाण्याचा टँकर उभा, टँकरवाले आप्पाजी एक भरलेली पिशवी पुढे करतायत आणि आमचा वॉटरमन महांतेश ती घेतोय. वॉटरमन म्हणजे गल्लोगल्ली फिरून पाण्याचे व्हॉल्व उघडणारा-बंद करणारा माणूस. टँकरवाला त्याला काहीतरी देतोय म्हटल्यावर अर्थ उघड होता. नळ बंद ठेव, माझे टँकर विकले जाऊ देत. हेमाने कुणाला विचारलं नाही, ताडून पाहिलं नाही. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. सात वाजता फोटो दाखवला आणि म्हणाली, ‘या पिशवीत काय होतं, याचं उत्तर मिळालं पाहिजे.’

दुपारपर्यंत तो तुकडा एका मोठ्या न्यूज पोर्टलने उचलला. त्यांचे बघणारे अकरा लाख. त्यांनी पिशवीभोवती लाल गोल काढला, भीतीदायक संगीत लावलं आणि वर लिहिलं, ‘येलहंक्याचा पाणीचोर’. दुसऱ्या दिवशी कंत्राटदाराने महांतेशला कामावरून काढलं.

हेमा त्यानंतरही दोन दिवस खुशीत होती, ते मी कधी विसरणार नाही. ‘अक्का, अकरा लाख,’ म्हणाली. मी स्वयंपाकघरात अवरेकाळू, म्हणजे पावटे, सोलत होते. म्हटलं, दाखव तरी. चष्मा लावून फोन हातात घेतला. तो लाल गोल बघितला. मग मान वळवून खिळ्याकडे बघितलं, जिथे माझी कांद्याची पिशवी लटकत होती. पोपटी कापड, मरून काठ, वर नवरानवरीची नावं. तीच.

‘हेमा,’ मी म्हटलं, ‘ही आप्पाजींच्या मुलीच्या लग्नातली तांबूलाची पिशवी आहे. नारळ, विड्याची पानं, सुपारी. रविवारी मी आणली. अख्ख्या गल्लीला बोलावणं होतं, फक्त तूच आली नव्हतीस.’

काखेत कळसा आणि गावाला वळसा. आमच्याकडे लग्नाला गेलेला माणूस तांबूल घेतल्याशिवाय परतत नाही, आणि जो येऊ शकला नाही त्याला गाठून द्यायची रीत आहे. महांतेशची रविवारी ड्यूटी होती. आप्पाजींनी त्याला सोमवारी रस्त्यात गाठलं, एवढंच. बेंगळुरात जन्म काढलेल्या बाईला हे कळू नये? मी तिला इतकी बोलले की मला स्वतःलाच धाप लागली. तिने चपला घातल्या आणि महांतेशकडे निघाली. मीही गेले.

महांतेश निपाणीजवळच्या खेड्यातला, मराठी बोलणारा. त्याने दार उघडलं, आरडाओरडा केला नाही. आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या. व्हॉल्व कधी उघडला, कधी बंद केला, याची वही काढली. दीड महिन्यापासून त्याने वर कळवलं होतं की रेल्वे फाटकापाशी मोठी पाइप जमिनीखाली फुटलीय, पाणी तिथेच जातंय. कुणी लक्ष दिलं नव्हतं. हेमाने पानन्‌पान वाचलं. महांतेश म्हणाला, ‘मॅडम, काम दुसरीकडं बी मिळंल. पण गावात आईला कुणीतरी हे फोनवर दाखवलंय. ती सकाळी डेअरीला दूध घालायला जायची, बायका बघत्यात म्हणून आता जात न्हाई. तेवढं काय करता आलं तर बघा.’

घरी येऊन हेमाने पोर्टलला फोन लावला. तिथली संपादिका सुप्रीता, वयाने आमच्या भाचीएवढी, गोड आवाजात म्हणाली, ‘मॅम, ती स्टोरी जुनी झाली. आणि सोर्स तर तुम्हीच होता.’ आमच्या ओळखीचे सगळे शहाणे म्हणाले, गुपचूप व्हिडिओ काढून टाक, चार दिवसांत लोक विसरतील, उगाच स्वतःचं नाक कापून घेऊ नकोस. खरं सांगते, मीही तेच म्हटलं. एवढ्या कष्टाने कमावलेलं नाव होतं तिचं.

‘अक्का,’ ती म्हणाली, ‘बावीस वर्षं मी दुसऱ्यांशी भांडले. आता पहिलं पान माझं आहे.’

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता ती त्याच खिडकीपाशी उभी राहिली. हातात माझी पिशवी. कांदेसुद्धा काढले नव्हते. म्हणाली, ‘मी चुकले. महांतेशने चोरी केली नाही. मी त्याला न विचारता त्याचं नाव घालवलं.’ मग लग्नाची पत्रिका दाखवली, वही दाखवली, आणि आदल्या संध्याकाळी फाटकापाशी जाऊन टिपलेला चिखल दाखवला. पूर्ण सहा मिनिटं, पाण्याच्या वेळापत्रकालाही जागा ठेवली नाही. आणि शेवटी म्हणाली, ‘ही पिशवी ज्यांच्या घरी आहे त्यांनी तिचा फोटो काढा आणि त्या मोठ्या पोर्टलच्या व्हिडिओखाली टाका. भांडू नका, शिवी देऊ नका. फक्त पिशवी.’

साडेसातला पहिली पिशवी आली, आत बटाटे. मग एकीत कुणाचे जिमचे बूट. एकीत इस्त्रीचे कपडे. एका आजोबांनी तीत औषधं ठेवली होती. नयना नावाच्या मुलीने ती स्कूटरच्या हुकाला अडकवून फोटो टाकला. सर्जापूर रोडवरून आप्पाजींच्या जावयाच्या ऑफिसातली, लग्नाला आलेली पोरं सुरू झाली. दुपारी बारापर्यंत त्या ‘पाणीचोर’ खाली सातशे पोपटी पिशव्या लटकत होत्या, आणि अकरा लाख लोकांना तो लाल गोल बघितल्यावर खाली तीच पिशवी सातशेदा दिसत होती. लोक पोर्टललाच विचारायला लागले, आम्ही सगळे चोर का? मी आयुष्यात इतकी हसले नव्हते. हसता हसता रडलेसुद्धा.

चारच्या सुमारास सुप्रीताचा फोन आला. आवाज गोड नव्हता, पण खरा होता. म्हणाली, ‘आमचं चुकलं.’ हेमा म्हणाली, ‘मला नको सांगूस. जिथे चुकलात तिथे सांग.’ संध्याकाळी पोर्टलच्या सगळ्यात वर महांतेशची माफी मागितलेली होती, त्याच्या नावासकट. दोन दिवसांत कंत्राटदाराने त्याला परत घेतलं, आणि आठवड्याच्या आत पाइप दुरुस्त झाली. सुप्रीताने हेमाला त्यांच्याकडे यायचं निमंत्रणही दिलं. हेमा म्हणाली, ‘सध्या बेडा, नकोच, मला सकाळी सातला काम असतं.’

माफीच्या त्याच संध्याकाळी, जिला कॅमेऱ्यासमोर मराठी बोलायची लाज वाटते, कारण आमची मराठी पुण्याची माणसं ऐकून हसतात, ती माझी बहीण पुन्हा खिडकीपाशी उभी राहिली. कन्नडमध्ये नाही, आमच्या घरच्या मराठीत बोलली. एकच मिनिट. ‘निपाणीकडच्या डेअरीवर जमणाऱ्या सगळ्यांना, मी बेंगळुराहून हेमलता. महांतेशच्या आईंचा मुलगा प्रामाणिक आहे. खोटं मी बोलले होते.’ महांतेशने ते गावाकडे पाठवलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला, नुकतीच बातमी संपवून हेमा चहा घेत होती, तेव्हा अनोळखी नंबरवरून फोन आला. मागे बायकांचा गलका आणि दुधाच्या कॅनचा खडखडाट ऐकू येत होता.

‘मी महांतेशची आई,’ ती बाई म्हणाली. ‘डेअरीवरनंच बोलतोय. हितं समद्यांनी तुमचं बघितलं. मी आज स्वतः दूध घालाय आलोय.’