बेर्टिलची शाल

फोनवर कुणी विचारलं, "तुम्ही तेच का, गिटारवाले बेर्टिल?" की बेर्टिल शांतपणे सांगायचा, "नाही. तो वारला." आणि मग त्या माणसाचं अडकलेलं खातं सुरू करून द्यायचा. आयर्लंडमधल्या डंडॉकच्या आमच्या ऑफिसात स्वीडनहून येणारे ग्राहकांचे फोन तो घ्यायचा, मी शेजारच्या टेबलावर. मला स्वीडिशचा गंध नाही, पण हे वाक्य ऐकून ऐकून पाठ झालं होतं. अर्थ कळला त्या दिवशी मी त्याच्यावर चिडलेच, "अरे बाबा, असं अभद्र कशाला बोलतोस?"

तरुणपणी त्याचा प्रोग्रेसिव्ह रॉकचा बँड होता. वीस-वीस मिनिटांच्या रचना, मध्येच ताल बदलणाऱ्या. त्यातली एक इतकी गाजली की थेट जपानहून बोलावणी आली. तिथेच घात झाला. पुढे जन्मभर त्याने काहीही नवं वाजवायला घेतलं की खालून त्या एकाच रचनेची फर्माईश. हळूहळू बोलावणीही थांबली. आयरिश बायकोबरोबर तो इथे आला. ती गेली, हा राहिला. "माझे चाहते अजून सत्तरच्या दशकात राहतात," तो म्हणायचा. "मी आपला डंडॉकला."

बायकोच्या आजारपणात त्याने एक नवी रचना बांधायला घेतली होती. "एकदाच माणसांसमोर शेवटपर्यंत वाजवायचीय," एवढंच त्याचं मागणं. "मग गिटार खाली ठेवली तरी चालेल."

म्हणून दोन हजार सोळा साली आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात मी त्याचं नाव घातलं. "वीस मिनिटं? अहो, मसालेभात गार होईल!" असं कुरकुरत अध्यक्ष देशपांडे हो म्हणाले. मी त्यांना दोनदा बजावलं, "मध्ये तो थांबतो. तेव्हा उठू नका."

बेर्टिल कडक इस्त्रीचा शर्ट घालून आला. तो वाजवायला लागला आणि हॉलमधली पोरंसुद्धा गप्प झाली, देवाशपथ. मग ती जागा आली. त्याने तारांवर हात ठेवला, डोळे मिटले. बायकोचा श्वास थांबला तेव्हा खोलीत पसरलेली ती शांतता होती. मला त्यानेच सांगितलं होतं.

आणि टाळ्या! देशपांडे स्टेजवर हजर. "वा, क्या बात है! जोरदार टाळ्या होऊन जाऊ द्या!" एका हातात शाल, दुसऱ्यात नारळ. मी खालून ओरडले, "अहो, संपलं नाही अजून!" पण ऐकतंय कोण? शाल खांद्यावर पडली ती गिटारच्या पट्ट्यात अडकली. नारळ धरायला बेर्टिलने तारांवरचा हात काढला. मागे जेवणाची रांग लागलीसुद्धा.

"इट्स ग्रँड," गाडीत तो म्हणाला. 'ठीक आहे' म्हणायला इथे पाय मोडला तरी माणसं हेच म्हणतात. मी म्हटलं, "राहिलेलं मला तरी वाजवून दाखव." त्याने मान हलवली. "शेवट टाळ्यांनंतर वाजवायचा नसतो." त्यानंतर गिटार पेटीबाहेर आलीच नाही.

दोन वर्षांनी तो खरोखर गेला. इंटरनेटवर हळहळीचा पूर आला आणि जो तो तीच जुनी रचना लावून बसला. मेले, जिवंतपणी कुठे तडफडले होते? आमच्या मंडळाच्या ग्रुपवर देशपांड्यांनी फोटो टाकला. शाल, नारळ आणि त्यांच्यामध्ये कुठेतरी बेर्टिल. खाली लिहिलं होतं, "या थोर कलावंताची अखेरची मैफल आपल्या मंडळात झाली, हे आपलं भाग्य!"

मी लिहिलं, "झाली नाही. तुम्ही होऊ दिली नाहीत."

देशपांड्यांनी उत्तरादाखल जोडलेले हात पाठवले.