ठेका दोन्हीकडून, सूर एकीकडून

विश्रांतवाडीच्या त्या गल्लीत वैजनाथ भालेरावांनी कधी कुणाला ‘छान’ म्हटल्याचं कुणाच्याच ऐकिवात नाही. कुणी हौसेने गायलं, की ते म्हणत, ‘आवाज मोठा आहे, भाजी विकायला उपयोगी पडेल.’ विहारात पाहुणा गायक आला आणि टाळ्या पडल्या, तर यांचे हात मांडीखाली. एका बारशाला पाळणा म्हणणाऱ्या म्हातारीलाही त्यांनी ‘सूर सोडू नका’ म्हणून भर पंगतीत बजावलं होतं. बाळ शांत झोपलं होतं, पण बाळाचं मत ते कशाला विचारतील?

हा अधिकार त्यांना मिळाला होता बेंजोमुळे. बटणं दाबून तारा छेडायचा तो लांबट बेंजो त्यांनी तरुणपणी असा वाजवला होता, की जयंतीच्या मिरवणुकीत लोक पुढे सरकायचे विसरत. एवढं खरं आहे आणि ते कबूल करायलाच हवं. पण माणसाने तेवढ्या शिदोरीवर किती वर्षं जेवायचं? वैजनाथराव अजून जेवत होते आणि वर दुसऱ्यांच्या ताटाला नावं ठेवत होते.

मधल्या काळात पिंपरीतल्या एका कारखान्यात ते प्रेसवर कामाला होते. यंत्र त्यांच्या उजव्या हाताला. पत्र्यावर ठोका पडला, की कानात घंटा वाजायची. काही वर्षांनी नुसती घंटाच वाजायला लागली, आणि पुढे तीही थांबली. उजवा कान कायमचा गेला. हे वैजनाथरावांनी डॉक्टरला सांगितलं नाही, मित्रांना सांगितलं नाही, बायकोलाही नाही. ज्याने जन्मभर दुसऱ्यांचे कान उपटले, त्याने स्वतःचाच एक गेला म्हणून कुठल्या तोंडाने सांगावं? गल्लीत त्यांची किंमत होती ती कानाची. तो गेला म्हणताच उरणार काय, तर एक तिरसट पेन्शनर. तसे पुण्यात थोडे का आहेत?

म्हणून त्यांनी युक्त्या केल्या. कुठेही गेले, की उजवा खांदा भिंतीला लावून बसायचे, म्हणजे सगळी माणसं डावीकडे. गाणं ऐकताना डावा कान पुढे करून मान तिरकी धरायचे. लोकांना वाटायचं, काय हा जाणकार, कसा तल्लीन होऊन ऐकतो! एकदोघांनी तर त्यांचं बघून तशी मान धरायला सुरुवात केली. धडधाकट कानांची माणसं बहिऱ्याची नक्कल करत बसली होती आणि वैजनाथराव ते गंभीरपणे बघत होते.

बायको कांताबाई मात्र कायम त्यांच्या डाव्या हाताला. रस्त्यात, बसमध्ये, जेवताना. त्याचीही त्यांनी टिंगल केली होती. ‘लग्नात डावीकडे बसवली, ती अजून उठली नाही,’ असं ते चारचौघांत सांगत. कांताबाई हसत नसत आणि उठतही नसत.

निवृत्तीनंतर त्यांनी कॉम्प्युटर घेतला आणि अर्ध्या हळकुंडाने पिवळे झाले. विहारातल्या बायकांचा गाण्याचा संच त्यांच्या हाताखाली होता. बुद्धपौर्णिमेच्या कार्यक्रमात बेंजो प्रत्यक्ष वाजवायला बोटं साथ देईनात, तेव्हा घरीच थांबत थांबत रेकॉर्ड करायचं ठरलं. बेंजोची एकुलती एक वायर त्यांनी साउंडकार्डाच्या डबीतल्या पहिल्या भोकात खुपसली. दुसरं भोक रिकामं. सॉफ्टवेअरने विचारलं, मोनो की स्टिरिओ? वैजनाथराव स्वतःशीच हसले. मोनो म्हणजे आजोबांच्या काळातला रेडिओ! भालेरावांचं काम स्टिरिओच. त्यांनी ऐटीत स्टिरिओवर बोट ठेवलं.

सॉफ्टवेअर बिचारं आज्ञाधारक. पहिल्या भोकातला बेंजो त्याने डाव्या बाजूला घातला आणि रिकाम्या भोकातली शांतता इमानेइतबारे उजव्या बाजूला भरली. ढोलकीचा ठेका सॉफ्टवेअरमधलाच तयार होता, तो दोन्हीकडे वाजत राहिला. कुणीही एकदा दोन स्पीकर लावून त्यांच्यामध्ये बसलं असतं, तर चूक तिथेच सापडली असती. पण ‘स्पीकर बाजारासाठी, जाणकार हेडफोनवर काम करतो’ असा त्यांचा बाणा. हेडफोनमधून त्यांच्या डाव्या कानात बेंजो छान घुमला. उजव्या कानाचं मत घेण्याची सोय नव्हती.

तालमीला विहाराच्या हॉलमध्ये बायकांच्या रांगेच्या दोन टोकांना दोन स्पीकर ठेवले. एका टोकाला बेंजो ठणठणीत. दुसऱ्या टोकाला नुसती ढोलकी, आणि त्या ढोलकीपाशी उभी होती अस्मिता. बँकेत काम करणारी, सरळ स्वभावाची, आवाजाने गोड. सुरुवातीच्या दोन ओळी एकटीने म्हणायचा मान तिचा होता. आईला पहिल्या रांगेत बसवून ऐकवायचं, म्हणून ती महिनाभर घोकत होती.

ढोलकीच्या दणक्यात तिला सूर मिळेना. पट्टी चुकली. पुन्हा घेतलं, पुन्हा चुकली.

“कान आहेत की कुड्या अडकवायच्या खुंट्या?” वैजनाथराव कडाडले.

“काका, मला बेंजो ऐकूच येत नाहीये.”

“नाचता येईना, अंगण वाकडं! बाकीच्यांना कसा ऐकू येतो मग? माझ्या रेकॉर्डिंगमध्ये खोट काढतेस? घरी जा तू. या कार्यक्रमात बेसूर माणसाला जागा नाही.”

अस्मिताच्या शेजारणींनाही बेंजो नीट ऐकू येत नव्हता. पण त्या इतरांच्या आवाजावर वेळ मारून नेत होत्या आणि तशाच गप्प राहिल्या. अस्मिता पर्स उचलून निघून गेली. वैजनाथरावांनी त्या दोन ओळी दुसऱ्या बाईला दिल्या आणि घरी येऊन दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

शनिवारी दुपारी ती त्यांच्या दारात उभी राहिली. हातात मोबाइल आणि इअरफोन.

“जय भीम, काका. संचातल्या एकीकडून तुमचं रेकॉर्डिंग मागून घेतलं. बेंजो फक्त डाव्या बाजूला आहे. उजवीकडे नुसता ठेका.”

वैजनाथराव म्हणाले, “तुझा इअरफोन गेलाय. रस्त्यावरचा माल घेतला, की असं होतं.”

“हा उजवा आहे. नुसता हाच कानात घालून बघा.”

त्यांनी तो घेतला आणि हळूच डाव्या कानात घातला. ढोलकी वाजत होती. बेंजो नव्हता. आपण तासन्‌तास बसून वाजवलेल्या, पुन्हा पुन्हा तपासलेल्या गाण्यात बेंजोचा मागमूस नव्हता. मुलगी खरं सांगत होती, तालमीतही खरंच सांगत होती, हे त्यांना त्या क्षणी कळलं. शहाण्या माणसाने इथे हात जोडले असते.

“ते मला माहीत आहे,” वैजनाथराव म्हणाले. “मुद्दाम केलंय. स्टिरिओ असाच असतो. तुम्हा लोकांना त्यातलं काय कळणार?”

अस्मिताने त्यांच्याकडे नीट बघितलं. “बरं. मग माझ्यासाठी दोन्हीकडे करून बघू? भावाने मला दाखवलंय कसं करायचं ते. तुम्ही हेडफोन घाला आणि ऐकून सांगा. तुमच्याइतका कान इथे कुणाचा आहे?”

शेवटच्या वाक्याने ते फुलले. स्तुतीत काही खोच असते, हे त्यांना कधी कळलं नव्हतं. त्यांनी हेडफोन चढवले, मान तिरकी केली, डोळे मिटले. अस्मिता कॉम्प्युटरसमोर बसली. माऊसचा आवाज झाला.

आता काहीतरी बोलायला हवं होतं. डाव्या कानात पूर्वीचाच बेंजो वाजत होता, उजव्या बाजूला नेहमीची भिंत. पण जाणकाराने गप्प कसं बसायचं?

“हां! आता कसं!” ते जोरात म्हणाले. “आता आला उजवीकडून. अगदी मोकळा. जमीनअस्मानाचा फरक पडला बघ.”

त्यांनी डोळे उघडले. अस्मिताचा हात माऊसवरून बाजूला होता.

“काका,” ती हळू म्हणाली, “मी अजून काही बदललंच नाही. नुसती फाइल उघडली.”

वैजनाथरावांनी हेडफोन काढले. कुणालाही टोमणा मारायला त्यांना कधी शोधाशोध करावी लागली नव्हती. आज ते हेडफोनची वायर बोटाभोवती गुंडाळत राहिले. अस्मिताला त्यांची जिरवायची होती, त्यासाठीच ती भर उन्हात आली होती. पण समोरचा चेहरा बघून तिची सगळी हौस गेली. उलट तिलाच लाज वाटली.

तिने स्क्रीनकडे तोंड केलं आणि बेंजोचा ट्रॅक मोनो केला. एवढंच काम होतं. बेंजो दोन्ही बाजूंना सारखा वाजायला लागला आणि तो खरोखर सुरेख होता.

“झालं,” ती उठत म्हणाली. “निघते मी.”

“उद्या तालमीला ये,” वैजनाथराव म्हणाले. “त्या दोन ओळी तुझ्याच आहेत.”

“आणि बाकीच्यांना काय सांगणार? सॉफ्टवेअर बिघडलं होतं म्हणून?”

तसं सांगणं अगदी सोपं होतं. ती ते खपवूनही घेणार होती, हे तिच्या आवाजात कळत होतं. त्यांनी डबीतल्या रिकाम्या भोकावर बोट ठेवलं.

“माझा उजवा कान गेलाय म्हणून सांगेन,” ते म्हणाले. “तुला सगळ्यांसमोर बोललो ना? मग हेही सगळ्यांसमोर.”

अस्मिता गेली. कांताबाई स्वयंपाकघराच्या दारात कधीपासून उभ्या होत्या कोण जाणे. त्या आल्या आणि त्यांच्या शेजारी बसल्या, डाव्या बाजूला. आज पहिल्यांदाच वैजनाथरावांना त्या बाजूचा अर्थ लागला.

“तुला माहीत होतं?”

“प्रेसवर होतात तेव्हापासून.”

“मग एवढी वर्षं एका शब्दाने बोलली नाहीस ती?”

“बोलले की,” कांताबाई म्हणाल्या. “पहिल्यांदा बोलले ते उजवीकडून. तुम्ही ओ दिली नाहीत, तेव्हा उठून इकडे येऊन बसले.”