न्हाणीत पाणी नव्हतं

हनुवटी वर करून आण्णा विचारत, “कारण?” आणि समोरच्याचं उत्तर येईपर्यंत पेनाचं टोक कागदाला टेकवून बसत. आमच्या सहकारी सूतगिरणीत ते टाइमकीपर होते आणि मी त्यांच्या हाताखालचा कारकून. रजेच्या रजिस्टरात कारणाचा रकाना असतो. तुमच्या कचेरीत तिथं ‘घरगुती’ लिहून मोकळे होत असतील. आण्णांना ते खपत नसे. “सांगितलं तसं लिव्हायचं. आपुन काय पोलीस हाव का?” म्हणत ते शेळी व्याल्याचं, नणंद रुसल्याचं, सगळं मोत्यासारख्या अक्षरात नोंदवत.

कपिलधारची जत्रा करून आलेला एक फिटर ‘ताप’ म्हणाला. कपाळावर भस्म ठसठशीत दिसत होतं, तरी आण्णांनी ताप लिहिला. मला हसू आलं.

“हसतो कावून बे? त्यो म्हणला ताप.”

हा माणूस भोळा होता की पक्का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

दुष्काळाच्या सलग दुसऱ्या वर्षी शहरातल्या एका संस्थेच्या दोन मॅडम आल्या. कामगार बायकांना घरी किंवा कामावर मारहाण होते का, आणि ती थांबवायला कामावर ठेवणाऱ्यांना काय करता येईल, याचा त्या अभ्यास करत होत्या. गिरणीचं नाव होईल म्हणून चेअरमननी संमतीपत्रावर सही ठोकली. मात्र बायकांशी बोलायचं नाही, फक्त रजिस्टर बघायचं, असं ठरलं. आण्णा खूश! त्यांनी रजिस्टराला नवं कव्हर घातलं.

धाकट्या मॅडम दुपारभर पानं उलटत राहिल्या. मग म्हणाल्या, “काका, यंदा पाणी कसं आहे इथं?”

“टँकर येतंय आठ-पंधरा दिसाला. आमी बाजंवर बसून अंगूळ करताव, खाली घमेलं. त्या पाण्यावर म्हैस जगली बगा.”

“म्हणजे न्हाणी ओली होतच नाही?”

“कुठली हो! न्हाणीत सरपण ठिवलंय मी.”

त्यांनी रजिस्टर आण्णांकडं फिरवलं. ‘न्हाणीत पाय घसरून पडली.’ खाली दुसऱ्या बाईच्या नावापुढं तेच. पुढच्या पानावरही तेच.

“मंग ह्या पडल्या कशानं?” आण्णांनी मला विचारलं. अगदी मनापासून विचारलं. मीही रोज तीच पानं बघत होतो.

मग त्यांनी स्वतःच एक पान काढून बोट ठेवलं. रजा त्यांचीच होती. ‘मुलगी सासरी न्हाणीत पडली, हात मोडला. भेटायला घाटनांदूरला.’ जावयानं फोनवर सांगितलं, यांनी तसं लिहिलं.

ही गोष्ट संचालकांच्या कानावर गेली. संमती मागं घेतली गेली, मॅडम परतल्या आणि हुकूम निघाला की यापुढं कारण फक्त ‘घरगुती’ लिहायचं. आण्णा पार गोंधळले. बाई समोर आली की हनुवटी वर जाई, पण ‘कारण?’ तोंडातून निघत नसे.

“न्हाई लिव्हलं तर पडलीच न्हाई, आसं हाय का?” ते मला विचारत. एकदा म्हणाले, “मी गेलतो की. पलस्तर बगितलं तिचं. जावयासंगं चहा पिऊन आलतो.” मला त्यांच्याकडं बघवेना.

एका सकाळी ते पिशवी घेऊन टेबलापलीकडं उभे राहिले, रजा मागणारे उभे राहतात तिथं. मी रजिस्टर उघडलं.

“घरगुती लिव्हू नको. लेकीला आणायला, आसं लिव्ह.”

“साहेबांचा हुकूम आहे, आण्णा.”

“सांगितलं तसं लिव्ह.”

मी लिहिलं.

तिसऱ्या दिवशी घाटनांदूरच्या बसमधून दोघं गिरणीच्या फाटकाशी उतरली. लेकीचा डावा हात अजून आखडलेला होता. आण्णांनी तिला सरळ टेबलाशी आणलं, रजिस्टर तिच्याकडं फिरवलं आणि ओळीवर बोट ठेवलं.

“वाच.”

तिनं माझ्या गिचमिड अक्षरातली ओळ वाचली. परत वाचली.

“हे लिव्हलेलं लोकं बगतेत की, आण्णा.”

“बगू दे,” आण्णा म्हणाले.